गुंगतोंग : भूतानमधल्या बंद घरांमागचा इतिहास

पूर्व भूतानमध्ये, म्हणजे त्राशीगांग, मोंगर, लुएन्त्से या भागांत, कुलूप लागलेल्या घराला स्वतंत्र शब्द आहे : गुंगतोंग. ‘गुंग’ म्हणजे घर, सरकारी दप्तरातला एक उंबरा. ‘तोंग’ म्हणजे रिकामं. अंगणात गुडघाभर गवत, शेताच्या बांधांवर झुडपं, दारावर गंजलेलं कुलूप. लोक शहरात गेले हे कारण खरं आहे, पण शहरात सगळ्याच देशांतले लोक जातात. भूतानमध्ये एक उंबरा बंद झाला की गावाचं गणित बिघडतं, कारण तिथे कर, वेठ, वारसा, पूजा, मतदान हे सगळं माणसापेक्षा घराला जास्त बांधलेलं होतं. यातलं बरंचसं आजही तसंच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कर वस्तूंत भरायचा. धान्य, लोणी, सुकं मांस, हातकागद, पूर्वेकडून विणलेलं कापड. कर भरणाऱ्या घराला ‘ट्रेलपा’ म्हणत. त्यांच्या खाली कूळ आणि गुलाम. कराचा माल झोंगच्या, म्हणजे किल्लेवजा मठ-कचेरीच्या, कोठारात जाई. शिवाय ‘वूला’ ही वेठ होती : अधिकाऱ्याचं सामान एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत पाठीवर वाहायचं, झोंगची डागडुजी करायची. घरात माणसं किती हे कोण विचारतो, घराच्या नावावर आलेली पाळी चुकत नसे. घर फुटलं की कराचे दोन उंबरे होत. त्यामुळे भावंडं एकत्र राहत आणि जमीन सहसा वाटली जात नसे. राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या कारकिर्दीत (1952 ते 1972) गुलामी संपली, 1953मध्ये राष्ट्रीय सभा भरली आणि वस्तूंचे कर हळूहळू रोख झाले. पुढे 1979च्या जमीन कायद्याने धारणेवर 25 एकरांची मर्यादा घातली.

मग रस्ता आला. 1958मध्ये नेहरू पारोला गेले ते सिक्कीममधून नाथू-ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून. मोटार जाईल अशी वाटच नव्हती. 1960मध्ये भूतानने तिबेटची सीमा बंद केली. उत्तरेचा शतकानुशतकांचा व्यापार तुटला आणि सगळा देश दक्षिणेकडे वळला. 1961मध्ये भारताच्या पैशावर पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने भारताच्या सीमेवरच्या फुंतशोलिंगपासून डोंगर फोडायला घेतले. फुंतशोलिंगहून राजधानी थिंफूला जिथे खेचरांबरोबर सहा दिवस लागत, तिथे गाडीने सहा तास लागू लागले. या कामावर भारत-नेपाळचे मजूर होते, तशी गावांनाही पाळीपाळीने माणसं द्यावी लागली. म्हणजे ज्या रस्त्याने पुढे गाव रिकामं केलं, तो त्याच गावाने खांद्यावर माती वाहून बांधला होता.

रस्त्याबरोबर शाळा आल्या. 1950च्या दशकातल्या सुरुवातीच्या काही शाळांत शिकवण्याची भाषा हिंदी होती, हे आज थिंफूतल्या तरुणांनाही सांगावं लागतं. लवकरच इंग्रजी माध्यम झालं. इथे वारशाची गाठ आडवी आली. पश्चिम आणि मध्य भूतानमध्ये घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं, जावई सासुरवाडीला येऊन राहतो. ऐकायला हे स्त्रियांच्या सोयीचं वाटतं. पण जिच्या नावावर घर, तिने घर सोडायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. सुरुवातीच्या पिढीत मुलगे शाळेत गेले, मग सरकारी नोकरीत गेले. घर मिळालेली मुलगी मागे राहिली. 1980च्या वारसा कायद्याने सर्व अपत्यांना समान हक्क दिला, तरी गावचा रिवाज लगेच बदलला नाही. पुढच्या पिढीत ती मुलगीही शिकली आणि घर घ्यायला कोणीच उरलं नाही.

खुद्द घराची बांधणीही शेजाऱ्यांवर उभी आहे. पश्चिमेकडे भिंती ठासलेल्या मातीच्या. लाकडी फळ्यांच्या साच्यात ओलसर माती थराथराने ओतायची आणि बायकांनी गाणं म्हणत लाकडी मुसळांनी ठोकायची. माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा, पण हाताला चिखल लागता कामा नये. पाणी जास्त झालं तर भिंत वाळताना तडकते, कमी झालं तर थर एकमेकांना धरत नाहीत. तळाशी भिंतीची जाडी पाऊण मीटरच्या आसपास. एवढं काम एका घराने होत नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, अशी श्रमांची उसनवारी चालते. दहा घरांतली चार बंद झाली की ही उसनवारी मोडते आणि मजूर विकत घ्यावे लागतात. पूर्वेकडची घरं दगड आणि मातीची. 21 सप्टेंबर 2009च्या भूकंपात त्यातली अनेक फाटली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नसले की हादऱ्यात दोन्ही पापुद्रे सुटे होतात. शहाणा गवंडी ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसवतो. घाईच्या कामात नेमका तोच वगळला जातो.

शेतीचंही तेच. देशाचा सुमारे 70 टक्के भाग जंगलाखाली आहे आणि राज्यघटना 60 टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. रानडुकरं आणि माकडं शेतात उतरतात. मका तयार होताना रात्रभर माचणीवर जागणं हे काम पूर्वी घराघरांत वाटलेलं असे. शेजारचं शेत पडीक झालं की डुकरांना लपायला जागा मिळते आणि राखण दुप्पट होते. आता विजेचं कुंपण घालतात. पण तारेला गवत टेकलं की प्रवाह जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात तारेखालचं गवत सतत कापावं लागतं. तेवढी माणसं गावात असती तर प्रश्नच नव्हता.

दक्षिणेतल्या रिकाम्या घरांचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि त्याला गुंगतोंगच्या यादीत सरळ बसवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 1985चा नागरिकत्व कायदा, 1988ची जनगणना, पेहराव आणि भाषेची सक्ती, आणि 1990नंतरची दडपशाही यांतून नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा घराबाहेर पडले. एक लाखाहून अधिक जण पूर्व नेपाळच्या छावण्यांत पोहोचले. 2007च्या सुमारास सुरू झालेल्या पुनर्वसनात बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत गेले. त्यांच्या काही जमिनींवर पुढे उत्तरेकडची कुटुंबं वसवली गेली.

2005मध्ये शहरी लोकसंख्या 30.9 टक्के होती, 2017च्या जनगणनेत 37.8 टक्के झाली. गेल्या काही वर्षांत तर थिंफूतूनच लोक ऑस्ट्रेलियाला, विशेषतः पर्थला, जाऊ लागले आहेत. तरी बहुतेकांची नोंद अजून गावच्या गुंगमध्येच असते. मतही त्याच मतदारसंघात धरलं जातं, म्हणून निवडणुकीच्या आधी बसगाड्या भरून पूर्वेकडे जातात. पाणीयोजनेच्या किंवा देवळाच्या कामाला घरटी माणूस मागितला जातो. तो देता आला नाही तर पैसे पाठवावे लागतात.

वर्षातून एकदा ‘लोछे’ असते, घराची वार्षिक पूजा. भिक्षू येतात, पिठाचे आणि लोण्याचे तोर्मा, म्हणजे नैवेद्याच्या आकृती, घडवतात, दिवे लागतात, शेजाऱ्यांना जेवण आणि आरा, म्हणजे घरगुती दारू, वाढतात. तिथी खरं तर ठरलेली, पण आता ती रजेच्या हिशेबाने सरकते. आलेले लोक आधी छपरावर चढतात. चूल वर्षभर पेटलेली नसते, त्यामुळे तुळयांना धूर लागत नाही आणि भुंगे पोखरू लागतात. एखादा पत्रा सरकला तर पाणी थेट मातीच्या भिंतीच्या डोक्यात उतरतं. पत्र्यावर दगड पुन्हा रचून ठेवतात, किल्ली शेजारच्या म्हातारीकडे देतात आणि तिसऱ्या दिवशी परततात.