परदेशी विद्यार्थ्यांना तुर्की शिकवायचीय? तुर्कस्तानातल्या एम.ए.साठी अर्ज कसा करावा

तुर्की मातृभाषा नसलेल्यांना ती शिकवणारे शिक्षक तयार करण्यासाठी तुर्कस्तानात स्वतंत्र एम.ए. आहे. अंकाऱ्याच्या हाजेत्तेपे आणि गाझी विद्यापीठांत हा अभ्यासक्रम चालतो. विषयांच्या यादीत 'याबांजी दिल ओलाराक त्युर्कचे ओरेतिमी' (परदेशी भाषा म्हणून तुर्कीचं अध्यापन) हेच नाव शोधा. 'त्युर्कचे एइतिमी' (तुर्की शिक्षण) वेगळं. त्यात भर तुर्कस्तानातल्या शाळकरी मुलांना मातृभाषा शिकवण्यावर असतो. नावं जवळपास सारखी असल्याने इथे गफलत होते.

खर्चाची काळजी असेल तर तुर्की सरकारची 'त्युर्किये बुर्सलारी' शिष्यवृत्ती पाहा. शिकवणी शुल्क, दरमहा विद्यावेतन, निवास, आरोग्य विमा, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि वर्षभराचा भाषावर्ग, सगळं त्यात येतं. एम.ए.साठी वय ३०च्या आत आणि पदवीला किमान ७५ टक्के हवेत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, मात्र पदवी त्याच उन्हाळ्यात हातात यायला हवी. गेली काही वर्षं अर्ज १० जानेवारी ते २० फेब्रुवारीदरम्यान ऑनलाइन घेतले जातात. शुल्क नाही, त्यामुळे अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

कागदपत्रं मोजकीच: पासपोर्ट किंवा ओळखपत्र, फोटो, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. गुण सीजीपीएत असतील तर विद्यापीठाकडून टक्केवारीचा दाखला डिसेंबरातच मागून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या हेतुपत्राला, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या पत्राला. 'मला तुर्की संस्कृती आवडते' एवढ्याने भागत नाही. कुणाला मराठी किंवा हिंदी शिकवली असेल तर तो अनुभव सविस्तर लिहा. तुर्की शिकताना कुठे अडतं, तेही उदाहरणासह मांडा. जसं, तुर्कीत 'एव' म्हणजे घर, 'एवदे' म्हणजे घरात. पण 'ओकुल' म्हणजे शाळा, तिचं मात्र 'ओकुलदा'. प्रत्ययातला स्वर शब्दातल्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो. प्रत्यय जोडणं, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणं मराठी माणसाला सवयीचं; स्वरांचा हा मेळ मात्र नवा. शिकणाऱ्याला नेमकं कुठे अडतं हे तुम्हाला दिसतं, ते मुलाखतीतही सांगा.

निवड झाली तरी एम.ए. लगेच सुरू होत नाही. आधी वर्षभरात तुर्कीची सी-१, म्हणजे प्रगत पातळी गाठावी लागते. ज्या भाषेचे शिक्षक व्हायचं तीच वर्षभरात इतकी आत्मसात करणं हे माझ्या मते या वाटेवरचं सगळ्यात अवघड काम, म्हणून तुर्की शिकायला भारतात असतानाच सुरुवात करा. पदवी दुसऱ्या विषयाची असेल तर विद्यापीठ पूर्वतयारीचे विषयही लावू शकतं. पुढे किमान सात विषय, एक सेमिनार आणि प्रबंध असतो.

निवडीनंतर पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून सरकारने दिलेला दाखला) घ्यावं लागलं, तर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम आहे. तुर्कस्तानात पोहोचल्यावर विद्यार्थी निवास परवान्याचा अर्ज पहिल्या महिन्यातच करा.