संगमरवर आणि डोलोमाइट

कोल्हापुरात फरशीच्या दुकानात गेलं की पांढरा चकचकीत दगड दिसला रे दिसला की तो मार्बल, मग खाण कुठली का असेना. दुकानदार हळूच "हा डोलोमाइटवाला आहे" म्हणाला की गिऱ्हाईकाला वाटतं डुप्लिकेट माल गळ्यात मारतोय. तसं काही नसतं. मार्बल म्हणजे संगमरवर हे नाव दगड कसा तयार झाला त्यावरून आणि डोलोमाइट हे नाव तो कशाचा बनलाय त्यावरून, त्यामुळे एकच दगड दोन्ही असू शकतो.

चुनखडक जमिनीत खोलवर गेला, उष्णता आणि दाब बसला की त्यातले कण नव्याने वाढून एकमेकांत घट्ट बसतात, तो संगमरवर. म्हणजे रूपांतरित खडक. मूळ खडक कॅल्साइटचा (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा) असला तर मार्बलही कॅल्साइटचा, मकराण्याचा, ताजमहालला लागलेला, तो हाच. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतं, बहुतेक वेळा चुनखडकात मॅग्नेशियमवालं पाणी मुरून तो तयार होतो. खनिजाला पण डोलोमाइट आणि त्या गाळाच्या खडकाला पण डोलोमाइट, सगळा घोळ इथनंच सुरू होतो. (नाव पडलं ते दोलोम्यू या फ्रेंच भूवैज्ञानिकावरून, त्यानं १७९१ मध्ये याचं वर्णन केलं.) हा डोलोमाइट तापून दाबला गेला की डोलोमाइटी मार्बल. राजस्थानात राजसमंदकडचा बराचसा पांढरा माल या जातीचा, जबलपूरजवळ भेडाघाटचे कडेही त्यातलेच.

नुसत्या डोळ्यानं ओळखणं अवघड. कॅल्साइटची कठीणता मोहसच्या मापावर ३, डोलोमाइटची ३.५ ते ४, आणि डोलोमाइट थोडा जडही, पण चाकूनं ओरखडा दोघांवर उठतो. खरी परीक्षा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची: थंड थेंब टाकला की कॅल्साइट लगेच फसफसतो, डोलोमाइट ढिम्म. त्याची पूड करा किंवा ॲसिड गरम करा, मग बुडबुडे येतात.

आमच्या घरी मटणाच्या रात्री पांढऱ्या ओट्यावर लिंबाची फोड उपडी राहिली, सकाळी तिथं वाटीएवढं निस्तेज वर्तुळ. सगळे डाग समजून घासत बसले, पण तो डाग नव्हताच, लिंबानं पॉलिशच खाल्लं होतं. डोलोमाइटी मार्बलवर हे जरा हळू होतं एवढंच, वाचत तोही नाही, तेव्हा बाथरूमचं ॲसिड दोन्हीपासून लांबच ठेवा.

फरशी सोडली तर मॅग्नेशियमचा हा फरक कारखान्यात जास्त कळतो. पोलादाच्या भट्टीला डोलोमाइट चालतो, वितळलेल्या धातूतली मळी वेगळी काढायला आणि भट्टीच्या अस्तराला. उलट साखर कारखान्यात उसाचा रस साफ करायला जो चुना लागतो त्यात मॅग्नेशियम कमीच पाहिजे, नाहीतर रस आटवताना नळ्यांत खपली धरते. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या जास्त पावसाच्या आम्लयुक्त लाल मातीत मात्र डोलोमाइटची पूड टाकली तर आम्लपणाही कमी होतो आणि पिकाला मॅग्नेशियमही मिळतं.

कोल्हापूरचा स्वतःचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, लाव्ह्याचा. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, १८८४ चा न्यू पॅलेसही काळ्याच दगडाचा. पांढरा पाहिजे तर तो ट्रकनं लांबूनच येणार.