सीबीआय, लोकपाल आणि उचलबांगडीचा प्रश्न

‘लोकपाल म्हणजे मोठी सीबीआयच की!’ हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकतो. सीबीआय सगळ्यांना ठाऊक आहे: १९६३ ची, केंद्राची पोलीस यंत्रणा. लोकपाल म्हणजे केंद्रातल्या नेत्या-अधिकाऱ्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारी संस्था; तिच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत. अध्यक्ष आणि जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यातले निम्मे न्यायिक. ते तक्रार पारखतात आणि तपास सीबीआयकडे सोपवू शकतात. तलाठ्याने पैसे मागितले तर कृपा करून लोकपालाला लिहू नका, १०६४ वर लाचलुचपत विभागाला फोन करा.

खरी गफलत होते स्वायत्ततेत. लोक निवड समिती बघतात, म्हणजे सीबीआयचे संचालक आणि लोकपाल निवडणारी. दोन्हीकडे पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती. लोकपालासाठी लोकसभाध्यक्ष आणि एक कायदेतज्ज्ञ जास्तीचे. मग दोघे सारखेच स्वतंत्र, असं म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. खुर्चीत कोणी बसवलं ते सोडा, खुर्चीतून कोण उठवू शकतं ते बघा.

२३ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री सीबीआयचे संचालक आलोक वर्मा यांचे अधिकार सरकारने काढून घेतले आणि त्यांना रजेवर धाडलं. दोन वर्षांची मुदत कायद्यानेच दिलेली, बदलीला निवड समितीची संमती सक्तीची, तरीही. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत आणलं, पण तोवर अडीच महिने गेले होते. दोनच दिवसांत समितीने बहुमताने त्यांना हटवलं.

लोकपालाच्या अध्यक्षांवर गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा तर राष्ट्रपतींना प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं आणि तिथे चौकशी होऊन दोष दिसला तरच ते जातात. कार्यालयाचा खर्च थेट भारताच्या संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून होतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक छोटी तरतूद: लोकपालाने सोपवलेल्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या सीबीआय अधिकाऱ्याची बदली लोकपालाच्या मंजुरीशिवाय होत नाही. बदलीचा कागद निघाला की तपास थंडावतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि तरीही लोकपालाच्या कायद्यात एक मोठं भगदाड राहिलं. तो १६ जानेवारी २०१४ ला लागू झाला. पहिले अध्यक्ष न्या. पिनाकी चंद्र घोष आले मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षं कोणालाही उठवावं लागलं नाही, कारण कोणी बसलेलंच नव्हतं.