नियामक टी पेशींची स्थिरता

नियामक टी पेशी, म्हणजेच टी-रेग, आपले आवरण्याचे काम किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत टिकवून धरतात, याला त्यांची स्थिरता म्हणतात. शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच अवयवांवर उलटू नयेत, हे या पेशी पाहतात. रक्तातल्या, सीडी४ हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या टी पेशींत त्यांचा वाटा साधारण ५ ते १० टक्के असतो. त्यांतल्या पुष्कळ पेशींना शरीराचीच प्रथिने ओळखता येतात. म्हणून अशी पेशी बिघडली तर नुसती निकामी होत नाही; ज्याची राखण करायची, त्याच्यावरच ती उठू शकते.

अशा आवरणाऱ्या पेशी असतात हे मान्य व्हायलाच बराच काळ गेला. १९७० च्या दशकात ‘दाबणाऱ्या टी पेशीं’चा मोठा गाजावाजा झाला, पण पुरावे ढासळले आणि विषयच बदनाम झाला. जपानचे शिमोन साकागुची मात्र नवजात उंदरांची, टी पेशी जिथे घडतात ती थायमस ग्रंथी काढल्यावर होणाऱ्या आजारांच्या मागे लागून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या टी पेशी वेगळ्या दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रुनको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खवलेदार कातडीच्या, अल्पायुषी ‘स्कर्फी’ उंदरांतला दोष फॉक्सपी३ या जनुकात असल्याचे शोधले. दोन वर्षांत हे दोन्ही धागे जुळले : टी-रेग घडवणारे जनुक हेच. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

माणसात हे जनुक बिघडले तर ‘आयपेक्स’ हा आजार होतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, इसब आणि टाइप १ मधुमेह, असे त्याचे रूप. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा मुळावरचा उपाय. जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. केईएम रुग्णालयाच्या आवारातली ही संस्था सर्वसामान्य मुंबईकराला फारशी ठाऊक नाही.

फॉक्सपी३ असले की पेशी स्थिर, असे मात्र नाही. माणसाच्या साध्या टी पेशीही चेतवल्या गेल्या की थोडा वेळ हे प्रथिन बनवतात. परळ-लालबागच्या गिरण्यांत कायम कामगार आणि बदली कामगार एकाच साच्यावर उभे राहत. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नसे, तो मस्टर उघडल्यावर कळे. इथले मस्टर म्हणजे फॉक्सपी३ जनुकातलाच सीएनएस-२ नावाचा तुकडा. साध्या टी पेशींत त्यावर मिथिल या छोट्या रासायनिक गटांची झाकणे बसलेली असतात. पक्क्या टी-रेगमध्ये ती उतरलेली असतात, आणि पेशी दुभंगली तरी हा उघडेपणा तिच्या लेकींना वारशाने मिळतो. उंदरांतून हा तुकडा काढला तर टी-रेग तयार होतात, पण पुढे दुभंगताना फॉक्सपी३ गमावू लागतात. तपासणीत एक गंमत आहे. स्त्रियांच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र निजलेले असते आणि त्यावरची झाकणे तशीच राहतात, म्हणून स्त्रीच्या रक्तात आलेला आकडा दुप्पट करून वाचावा लागतो.

टी-रेग खरोखर किती पक्क्या असतात, यावर २००९-१० मध्ये चांगलाच वाद झाला. एका अमेरिकी गटाला फॉक्सपी३ गमावून हल्लेखोर बनलेल्या पेशी सापडल्या; दुसऱ्याला दाह पेटवूनही बहुतेक टी-रेग जागच्या हललेल्या दिसल्या नाहीत. पुढे जपानमधल्या कामातून असे दिसले, की बहुसंख्य पेशी पक्क्याच असतात, डगमगणारा गट छोटा आणि मुळात कच्चा असतो. प्रस्तुत लेखकाला हा उलगडा पटतो, पण त्याने सगळे मिटत नाही. २०१४ मध्ये संधिवाताच्या उंदरांत, सुजलेल्या सांध्यातल्या पेशींनी सोडलेल्या इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनामुळे काही फॉक्सपी३धारी पेशी दाह वाढवणारे इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या झाल्याचे आढळले, आणि त्या हाड झिजवण्यात पुढे होत्या.

स्थिरतेला रोजची रसदही लागते : इंटरल्यूकिन-२. फॉक्सपी३ त्याचे जनुक दाबून ठेवते, त्यामुळे टी-रेग ते स्वतः बनवत नाहीत; शेजारच्या पेशींकडून घेतात. त्यांच्या अंगावरचे सीडी२५ हा ती रसद पकडणाऱ्या ग्राहकाचाच (रिसेप्टरचाच) एक भाग. प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध इंटरल्यूकिन-२ चे उत्पादनच घटवते, म्हणून ते टी-रेगनाही जाचते; रॅपामायसीन हे तशाच कामाचे दुसरे औषध त्यांना त्या मानाने सोसते. क जीवनसत्त्व मिथिलची झाकणे उतरवणाऱ्या टेट विकरांना मदत करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्यावरून आवळ्याचा रस पिऊन टी-रेग पक्क्या होतात असे कोणी सांगितले तर हसावे आणि पुढे जावे. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांना तर या पेशींचे काम ठाऊकच नसते. ते आवरण्याचे आहे.

केईएमपासून हाकेच्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय आहे आणि तिथल्या आजारात हाच प्रश्न उलटा होतो. अनेक गाठींमध्ये टी-रेग दाटीने जमतात, तिथे चांगल्या टिकतात आणि कर्करोगाला पाठीशी घालतात. उंदरांत न्यूरोपिलिन-१ हे प्रथिन काढले, की गाठीतल्या टी-रेग फॉक्सपी३ न सोडताच काम सोडतात आणि दाह वाढवणारे इंटरफेरॉन-गॅमा बनवू लागतात. याला अस्थिरता न म्हणता ठिसूळपणा म्हणतात. गाठीत तो हवासा. आतड्यात किंवा सांध्यात नकोसा. टी पेशींना आवर घालणाऱ्या सीटीएलए-४ या प्रथिनाला रोखणाऱ्या कर्करोगाच्या औषधांनी काही रुग्णांच्या आतड्याला सूज येते, कारण आवर सगळीकडेच सुटतो.

टी पेशींना नवा ग्राहक बसवून उपचार करण्याचे तंत्र मुंबईला नवे नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्या पेशी कर्करोगाला मारणाऱ्या. असाच ग्राहक टी-रेगवर बसवून प्रत्यारोपित मूत्रपिंड किंवा यकृत सांभाळण्याच्या प्राथमिक चाचण्या परदेशात सुरू झाल्या आहेत. तिथे धास्ती अशी, की दिलेल्या पेशी शरीरात गेल्यावर बदलल्या तर त्याच अवयवावर तुटून पडतील. म्हणून त्या वाढवताना बहुधा रॅपामायसीन घालतात, आणि पेशींची पिशवी रुग्णाकडे जाण्याआधी सीएनएस-२ वरची झाकणे किती उतरली आहेत ते तपासतात.