हबवरचे साल म्हणजे सायकलचे साल नव्हे

जुन्या सायकलच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, उमटवलेले आकडे पाहून ती सायकल त्याच वर्षी तयार झाली असे छातीठोकपणे सांगण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी आकडे जुळत नाहीत म्हणून अस्सल भाग काढून टाकले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने 1936 मध्ये आणलेल्या ‘एडब्ल्यू’ या तीन गिअरच्या हबचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कवचावर ‘62 9’ असे आकडे असतील, तर ते कवच सप्टेंबर 1962 चे आहे एवढेच त्यावरून कळते. तयार हब चाकात बसून सायकल पूर्ण होईपर्यंत मध्ये काही काळ जात असे, त्यामुळे मूळ हब सायकलपेक्षा काही महिन्यांनी जुना असणे स्वाभाविक आहे. उलट, तो फ्रेमपेक्षा बराच नवा निघाला, तर चाक किंवा निदान हब नंतर बदलला गेला, हे उघड आहे. म्हणून फ्रेमचा क्रमांक आणि इतर भागांवरच्या खुणा हबच्या तारखेशी ताडून पाहाव्यात.

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीच्या जुन्या भागांवर तर आकड्यांऐवजी दोन रोमन अक्षरे आढळतात. पहिले अक्षर वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. वर्षांची मालिका 1976 पासून ‘ए’ने सुरू होते आणि 2002 मध्ये पुन्हा ‘ए’वर येते, त्यामुळे एकाच खुणेचे दोन अर्थ संभवतात आणि त्या भागाची घडण पाहूनच त्यांतला खरा कोणता ते ठरवता येते.