वाढीव टायर व स्टेपनी

आडवाटेवर चालणाऱ्या चारचाकी वाहनाला कारखान्याच्या मापापेक्षा मोठ्या व्यासाचे, बहुधा अधिक रुंदही, टायर चढविणे आणि त्याच मापाचे पाचवे चाक वाहनावर बाळगणे. मुख्य हेतू जमिनीपासूनची उंची वाढविण्याचा. स्प्रिंगा बदलल्या तर फक्त सांगाडा वर जातो. सलग अॅक्सल असलेल्या वाहनात डिफरन्शियलचा, म्हणजे वळणावर दोन बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा, गोळा होता तेथेच राहतो. तो उचलण्यासाठी मोठा टायर किंवा युनिमॉग ट्रकसारखे पोर्टल अॅक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा वर बसवलेला अॅक्सल), एवढेच मार्ग उरतात.

राखीव चाकाला मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द मुळात विशेषनाम आहे. सुरुवातीच्या मोटारींबरोबर राखीव चाक नसे; पंक्चर झाले की टायर रस्त्यातच उतरवून सांधावा लागे. वेल्समधील लानेल्ली येथील टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी यावर उपाय काढला. त्याचे वर्ष सामान्यतः १९०४ दिले जाते. ही वस्तू आजच्या अर्थाने चाक नव्हतीच. आरे आणि तुंबा नसलेले, फुगवलेला टायर चढवलेले ते नुसते कडे होते. पंक्चर झालेल्या चाकाच्या रिमला बाहेरून पकडींनी आवळायचे आणि पुढे निघायचे. नावाचा संबंध काही जण लंडनच्या स्टेपनी भागाशी जोडतात. डेव्हिस यांचे काम लानेल्लीतील स्टेपनी स्ट्रीटवर चाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते; त्या रस्त्याला नाव मिळाले ते तेथील स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून. सुटी होणारी चाके आल्यावर हे कडे मागे पडले आणि खुद्द ब्रिटनमध्ये शब्दही विसरला गेला. भारतीय उपखंडात, माल्टात व ‘एस्तेपे’ या रूपाने ब्राझीलमध्ये तो टिकला. पुढे दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपने पाचवे चाक पाठीवर घेतले, तर सुरुवातीच्या काही लँड रोव्हर गाड्यांनी ते बॉनेटवर वाहिले.

मापे दोन पद्धतींनी लिहितात. २३५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. हिशेबाने व्यास सुमारे ७३३ मिमी येतो. ३१ × १०.५० आर १५ या लेखनात व्यास व रुंदी थेट इंचांत असते. ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी. व्यासातला फरक ५४ मिमी, म्हणजे सुमारे ७ टक्के, पण अॅक्सल निम्म्यानेच, म्हणजे सुमारे २७ मिमी वर जातो. एवढ्या लाभाची किंमत मात्र पूर्ण ७ टक्क्यांनी मोजावी लागते. काटा ताशी १०० किमी दाखवतो तेव्हा खरा वेग १०७ च्या आसपास असतो. ओडोमीटरही कमी अंतर नोंदवतो. इंजिनाला गिअर जड पडतात. ४.१० प्रमाणाचे क्राऊन-पिनियन (अॅक्सलमधील शेवटची गिअरजोडी) असेल, तर मूळची ओढ परत मिळण्यासाठी ४.४० च्या जवळचे प्रमाण लागते. ब्रेकवरील ताणही वाढतो.

टायर बसला आणि टायर फिरला, यांत फरक आहे. सपाट जागी मोकळा दिसणारा टायर पूर्ण वळण घेतलेले असताना आणि एक चाक वर दाबले गेले असताना मडगार्डला किंवा सस्पेन्शनच्या दांड्यांना घासतो. नुसत्या उंच स्प्रिंगांनी हे टळत नाही. बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारा ठोकळा, लांब केल्याशिवाय चाक पूर्वीइतकेच वर येते. रिम बाहेर काढली तर आतली घासट जाते, पण बेअरिंगवरचा भार व स्टिअरिंगला बसणारे हिसके वाढतात. मडगार्डची कड कापणे हा त्यातल्या त्यात सरळ उपाय.

रुंद टायर चांगला की अरुंद, यावर जुना वाद आहे. वाळू व बर्फासाठी रुंद, चिखल चिरून खालची कठीण जमीन गाठण्यासाठी अरुंद, अशी विभागणी करतात. टेकण्याचे क्षेत्र बरेचसे हवेच्या दाबावर ठरते. रुंदीने प्रामुख्याने त्याचा आकार बदलतो. दाब उतरवला की ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. म्हणून व्यासाला अधिक महत्त्व देणारे मत सयुक्तिक दिसते.

जुन्या मापाचीच स्टेपनी ठेवण्याची सवय सर्रास आढळते. अर्धवेळ चारचाकी ओढीच्या, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ओढ देणाऱ्या, वाहनात पुढचा व मागचा अॅक्सल यांच्या दरम्यान डिफरन्शियल नसते. चारचाकी ओढ लावलेली असताना ७ टक्के लहान चाक बसवले तर सारी यंत्रणा पिळवटते. नाइलाजच असेल तर लहान चाक पुढे लावून, फक्त मागच्या चाकांच्या ओढीवर हळू जायचे. मूळच्या लोखंडी रिमला आणि नव्या अलॉयला एकच नट चालेल असेही नाही. मोठे चाक गाडीच्या पोटाखालच्या जागेत सहसा मावत नाही. टपावर ठेवले तर गुरुत्वमध्य वर जातो, शिवाय ते उतरवणार कोण हा प्रश्न असतोच. मागच्या दाराच्या बिजागऱ्या मूळ चाकाच्या वजनाच्या हिशेबाने केलेल्या असतात. ३५ इंची चाक रिमसह ४० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड भरते, तेव्हा बिजागरीजवळचा पत्रा तडकतो. म्हणून बंपरला जोडलेला, खुंटीवर फिरून बाजूला होणारा वेगळा दांडा वापरतात. त्यात मागचा दिवा व नंबरप्लेट झाकली जाते, ती हलवावी लागते. पाचही टायर आलटूनपालटून वापरल्यास झीज सारखी राहते. न वापरलेला टायरही जुना होतो. बाजूच्या भिंतीवरील २३१९ यांसारखे चार आकडे तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाल्याचे सांगतात.