रक्ताभिसरण कळायला दीड हजार वर्षे का लागली?

हृदयाची लाल-निळी आकृती बहुतेकांनी शाळेत काढलेली असते. उजवीकडून रक्त फुप्फुसांत, तिथून डावीकडे, मग सगळ्या शरीरात आणि पुन्हा उजवीकडे. चार-पाच बाण काढले की रक्ताभिसरण संपले. पण या बाणांपैकी एकही बाण कोणाला आपोआप सुचलेला नाही. रक्त फिरते, हेच मुळात माणसाला फार उशिरा कळले.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांमधून ते अवयवांकडे जाते आणि तिथेच खर्ची पडते. शेतात सोडलेले पाणी जसे जमिनीत मुरते, तसे. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला झिरपते, असेही तो सांगे. गेलेनला आज नुसते चुकीचे ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. धमन्यांमध्ये हवा असते असे त्याच्या आधीचे काही जाणकार मानत. त्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मधला भाग कापला आणि आत रक्तच असते हे दाखवले. अडचण अशी झाली की पुढची सुमारे दीड हजार वर्षे लोकांनी त्याचे निष्कर्ष जपले, त्याची पद्धत नाही.

छिद्रांवर पहिला स्पष्ट आक्षेप कैरोमध्ये काम केलेल्या इब्न अल-नफीस याने तेराव्या शतकात घेतला. पडदा घट्ट आहे, त्यातून वाट नाही, म्हणजे रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जात असले पाहिजे, असे त्याने लिहिले. हे लिखाण १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात पुन्हा हाती लागले, तोवर युरोपात तोच शोध स्वतंत्रपणे लागून साडेतीनशेहून अधिक वर्षे उलटली होती. शरीररचनातज्ज्ञ व्हेसॅलियसने १५४३ च्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात छिद्रे दिसत नसल्याचे आश्चर्य नुसते नोंदवले, तर १५५५ च्या आवृत्तीत उघड शंका घेतली.

खरी कलाटणी दिली ती इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने. इटलीतल्या पादुआ येथे तो शिकत होता तेव्हा तिथले प्राध्यापक फॅब्रिशियस शिरांमधल्या झडपांचा अभ्यास करत होते. रक्त खाली साचू नये म्हणून या झडपा त्याचा वेग कमी करतात, असे त्यांना वाटे. हार्वेने पाहिले की सगळ्या झडपा हृदयाकडेच उघडतात. म्हणजे शिरांमधले रक्त अवयवांकडे जाऊच शकत नाही, ते परत येत असते.

मग त्याने हिशेब मांडला, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. एका ठोक्याला हृदयातून अर्धा औंस, म्हणजे साधारण १५ ग्रॅम रक्त बाहेर पडते असे धरू. अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात. म्हणजे तेवढ्या वेळात १५ किलो रक्त! अंदाज आणखी खाली आणला तरी जेवणातून एवढे रक्त बनणे अशक्य. मग तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असणार. हार्वेने धरलेला आकडा फारच कमी होता. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त ढकलते. शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. पण आकडा चुकला तरी युक्तिवाद ढळत नाही. हार्वेचे पुस्तक १६२८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याचा एक प्रयोग कोणालाही करता येतो. हाताच्या फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून खांद्याच्या दिशेने रक्त सारत पुढच्या झडपेपलीकडे न्या. मधला भाग रिकामा होतो आणि वरून भरत नाही. खालचे बोट उचलले की लगेच भरतो.

हार्वेला एक दुवा मात्र सापडला नाही. धमन्यांतून शिरांमध्ये रक्त जाते कुठून? त्याच्याकडे चांगला सूक्ष्मदर्शक नव्हता. तो १६५७ मध्ये वारला आणि चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या, पाहिल्या.

राहिला आकृतीतला रंग. शिरांमधले रक्त निळे नसते, गडद लाल असते. ओळखू यावे म्हणून ते निळे दाखवतात. हे गडद रक्त फुप्फुसांत हवेशी गाठ पडल्यावरच उजळ होते, हे रिचर्ड लोअरने १६६९ मध्ये प्रयोगांनिशी मांडले. हवेतला नेमका कोणता घटक रक्तात शिरतो, हे मात्र ऑक्सिजनचा शोध लागल्यावर, आणखी शंभरेक वर्षांनी कळले. तो वाहून नेणाऱ्या लाल द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव मिळाले ते १८६४ मध्ये.